दानाच्या गाडीला बॉडी किट

संपादक म्हणाले, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हटलं, डेंटिंग-पेंटिंगवाल्याचे अनुभव कोण वाचणार? ते म्हणाले, ज्याची गाडी ठोकली आहे तो वाचेल. हे मला पटलं. अमरावतीत असा माणूस शोधावा लागत नाही.

बडनेरा रोडवर माझं दुकान. आता जावई पाहतो आणि मी खुर्ची टाकून बसतो. लोक मला अजून मिस्तरीच म्हणतात. आमच्याकडे दोन प्रकारची गिऱ्हाइकं येतात. एकाची गाडी ठोकलेली असते आणि घरच्यांना कळायच्या आत ती होती तशी करून हवी असते. दुसऱ्याच्या गाडीला काहीही झालेलं नसतं, आणि नेमकं तेच त्याला सहन होत नाही. हा दुसरा माणूस बॉडी किट मागतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बॉडी किट म्हणजे गाडीला पुढून-मागून नवे बंपर, दोन्ही बाजूंना दारांखाली स्कर्ट, म्हणजे जमिनीकडे झुकणाऱ्या पट्ट्या, आणि डिक्कीवर एक पंख. इंजिन तेच राहतं, वेगही तोच राहतो. फक्त गाडी उभी असली तरी पळून राहिली आहे असं वाटलं पाहिजे. खपाच्या गाड्यांची किटं तयार मिळतात. बाकीच्यांसाठी त्याच गाडीची मापं घ्यायची, साचा करायचा, त्यात फायबरचे थर द्यायचे, पुट्टी भरून घासायचं आणि रंग मारायचा. आरटीओला गाडीच्या बांधणीत केलेले बदल आवडत नाहीत. विमावाल्याला ते आवडतात, कारण क्लेम नाकारायला बरे पडतात. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचो. लोक मान हलवायचे आणि रंग कोणता ते विचारायचे.

कोचिंग क्लासचे एक सर होते, फिजिक्स शिकवत. त्यांना आपल्या छोट्या व्हॅनला मागं पंख हवा होता. मी म्हटलं, सर, वेगात गाडी जमिनीवर दाबून धरायला हा पंख असतो, तुमची व्हॅन तर राजापेठेच्या गर्दीतून बाहेर पडत नाही. ते म्हणाले, दाबून धरायचं ते मला ठाऊक आहे मिस्तरी, पोरांनाही तेच दाखवायचं आहे. एका उमेदवाराने आपल्या जीपचं तोंड वाघासारखं करून घेतलं. निकाल लागल्यावर ते काढायला जीप ड्रायव्हरसोबत आली, साहेब आले नाहीत. असली कामं मी पुष्कळ केली. पण खऱ्या स्पोर्ट्स कारला स्वतः आखलेलं किट लावायची संधी जन्मात एकदाच दारात आली, आणि ती घेऊन आले मुकुंदगुरुजी.

गुरुजी जुने ओळखीचे. माझ्या दुकानाची वास्तुशांत त्यांनीच केली होती. एक स्कूटर, मागे कुसुमकाकू, काकूंच्या मांडीवर पूजेच्या सामानाची पिशवी, अशी ती स्वारी साऱ्या अमरावतीने वर्षानुवर्षं पाहिलेली. एका दुपारी दुकानासमोर पिवळीजर्द, दोन माणसांची, जमिनीला पोट लावून चालणारी परदेशी गाडी थांबली. दार उघडलं. आधी एक पाय बाहेर आला, त्यामागून धोतराचा सोगा, आणि मग बराच वेळ काहीच आलं नाही.

आतून आवाज आला, "मिस्तरी, हात द्या."

मी त्यांना ओढून बाहेर काढलं. गाडीचा पुढचा बंपर मधोमध फाटला होता आणि पूजेच्या लाल नाड्याने बांधला होता. गाठ मात्र पक्की होती.

गाडीची कथा अशी. गुरुजींचे एक यजमान आप्पासाहेब, दर्यापूर रोडला त्यांची कापसाची जिनिंग. मुलाने हौसेने ही गाडी घेतली आणि पुढे कॅनडात नोकरीला गेला तो तिकडचाच झाला. गाडी जिनच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून होती. पत्नीच्या वर्षश्राद्धाला आप्पासाहेबांना गोदान करायचं होतं. पण गुरुजी राहतात फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. गाय न्यायची कुठे? आप्पासाहेबांनी शेडकडे बोट दाखवलं. गुरुजींना वाटलं थट्टा आहे. आठवड्याने कागद नावावर होऊन आले.

विकून टाका, असं सगळ्यांनी सांगितलं. गुरुजी विकायला तयार नव्हते. दाता जिवंत असेपर्यंत दान विकायचं नाही, असा त्यांच्या घरचा नेम. मी विचारलं, असं शास्त्रात आहे का? ते म्हणाले, "वडिलांनी सांगितलं होतं. शास्त्रात शोधायला मी गेलो नाही, नसलं तर पंचाईत."

मग ते गाडी चालवू लागले आणि गाडी अमरावतीच्या गतिरोधकांना लागू लागली. शेवटी एकाने बंपरच फाडला. मूळ बंपर परदेशातून मागवावा लागणार होता आणि नागपूरचा डीलर तो कधी येईल ते सांगत नव्हता. मी लगेच म्हटलं, गुरुजी, मागवता कशाला? आपण बनवू. आणि पुढचा नवा बनवला की बाजू आणि मागचं जुनं दिसेल, म्हणून पूर्ण किटच करू. बोलता बोलता मी खडूने फरशीवर आकृती काढायला बसलोसुद्धा. पुढे खालचा ओठ गरुडाच्या चोचीसारखा, बाजूचे स्कर्ट मागे रुंद होत गेलेले. आजही मला वाटतं, ती आकृती चांगली होती.

गुरुजी फरशीभोवती एक फेरी मारून आले. चोच त्यांना आवडली. पण ते म्हणाले, विचार करावा लागेल.

तो विचार उन्हाळाभर चालला. गुरुजी दर दोन-चार दिवसांनी यायचे आणि नवी शंका घेऊन यायचे. दान मिळालेल्या वस्तूत आपण भर घातली तर ती मूळ दानाची वस्तू राहते का? मी म्हटलं, आरटीओही हेच विचारतो, फक्त संस्कृतात नाही. त्यांना हे आवडलं नाही. मग त्यांनी मला वेगळी अडचण सांगितली, आणि ती खरी होती. या गाडीने त्यांचा धंदा उलटापालटा करून टाकला होता. जुन्या घरांनी त्यांना बोलावणं कमी केलं होतं. गुरुजी आता मोठे झाले, त्यांना आपली दक्षिणा कशी परवडणार, असं लोक आपापसात बोलत. त्यांच्या घरच्या सत्यनारायणाला दुसरेच गुरुजी जाऊ लागले. उलट नवीन गाडी घेणारे, हॉटेल उघडणारे लोक त्यांनाच शोधत येत आणि अट घालत की गुरुजी, त्या पिवळ्या गाडीतच या. एका हॉटेलवाल्याने तर उद्घाटनाच्या होमासाठी त्यांना दोन चौक फिरवून आणलं, होम झाला उशिरा.

"जुने जाऊन राहिले आणि नवे गाडीसाठी येऊन राहिले," गुरुजी म्हणाले. "मग गाडी तरी नीट दिसली पाहिजे, नाही का?"

मी म्हटलं, अगदी बरोबर. मला किट करायचं होतं, मी दुसरं काय म्हणणार?

मग एक दिवस काकू ऑटोने एकट्याच आल्या. काकू दर्यापूरकडच्या, बोलणं तिकडचंच. त्यांनी फरशीवरची आकृती पाहिली, स्कर्ट कोणता ते विचारून घेतलं आणि म्हणाल्या, "हे इतकं बाहेर आल्यावर मी आत कशी बसू? माह्या गुडघ्याले आताच दोन मिनिटं लागते."

मी म्हटलं, थोडं लांबून पाय टाकावा लागेल. काकू स्टुलावर बसल्या. चहा झाला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी तोवर कोणत्याही गिऱ्हाइकाकडून ऐकलं नव्हतं. लोक मला सांगतात की गाडीत सामान मावत नाही, मुलं मावत नाहीत. काकूंचं उलट होतं.

"लग्न झाल्यापासून आमी दोघं कुठं गेलो नाही, मिस्तरी. नणंद तरी संग, नाहीतर सासूबाई, नाहीतर मांडीवर समिधांची पिशवी. या गाडीत तिसऱ्याले जागाच नाही. म्हणून मले आवडते ते. यायनं चोच लावावी, शेपूट लावावं, पण मले बसता आलं पाहिजे."

मी हो म्हटलं. आकृतीतला स्कर्ट ओल्या फडक्याने पुसून थोडा आत घेतला. दिसायला तो तेवढाच बिघडला.

फायबरचं काम मी अकोल्याच्या ज्योतीताईंकडून करून घ्यायचो. एमआयडीसीत त्यांची शेड आहे. बागेतल्या घसरगुंड्या, लग्नाच्या स्टेजचे खांब, शाळांच्या दारात उभे राहणारे हत्ती, हे त्यांचं नेहमीचं काम. बाईंचा हात साफ आणि जीभही साफ. त्यांनी सांगितलं, गाडी प्रत्यक्ष आणा, आणि फाटका का होईना जुना बंपर आणा, त्यावरून साचा घेता येईल. दिवस ठरला. गाडी दोन माणसांची. गुरुजी चालवणार, शेजारी मी बसणार असा माझा अंदाज होता. सकाळी पाहतो तर शेजारी काकू, नव्या नऊवारीत. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी बसस्टँडवर गेलो आणि एसटीने अकोला गाठलं.

मी पोचलो तेव्हा ते आले नव्हते. जेवणाची वेळ झाली तरी नाहीत. फोन लागत नव्हता. ज्योतीताई म्हणाल्या, गाडी बंद पडली असेल, परदेशी गाड्यांना आपलं ऊन सोसत नाही. मी हत्तींच्या सावलीत बसून रस्त्याकडे पाहत राहिलो. खरं सांगतो, मला बंपरची काळजी होती, पण मनात ठोकाठोकीची चित्रंही येत होती. आयुष्यभर ठोकलेल्या गाड्या पाहणाऱ्याच्या मनात दुसरं काय येणार?

उन्हं कलायला आली तेव्हा ती पिवळी गाडी शेडमध्ये शिरली. पुढून पूर्ण उघडी, दात पडलेल्या म्हाताऱ्यासारखी. बंपर नव्हताच. काकूंच्या मांडीवर, जिथे एरवी पिशवी असायची तिथे, एक भलंमोठं टरबूज होतं.

मूर्तिजापूरला पोचल्यावर काकूंना माहेरचा रस्ता दिसला. गुरुजींनी न विचारताच गाडी दर्यापूरकडे वळवली. काकूंच्या भावाकडे चहा झाला, भावाच्या साऱ्या गल्लीने गाडी पाहिली, आणि मग तिकडूनच ते आतल्या रस्त्याने अकोल्याला निघाले. त्या रस्त्याचं वर्णन मी करत नाही. काळ्या मातीवरचा रस्ता उन्हाळ्यात कसा होतो ते वऱ्हाडात सगळ्यांना माहीत आहे. कुठेतरी नाडा तुटला आणि बंपर पडला. गुरुजींच्या लक्षात आलं ते बऱ्याच वेळाने. परत फिरून पाहिलं तर पूर्णेच्या पुलाअलीकडे एका टरबूजवाल्याने तो उचलून आपल्या ढिगापुढे आडवा लावला होता. ट्रक गेला की त्याची टरबुजं गडगडत रस्त्यावर यायची, ती आता थांबली होती.

"तो देत होता हो परत," गुरुजी म्हणाले. "पण काढला असता तर सगळा ढीग खाली आला असता. म्हटलं, असू दे. तर त्याने हे टरबूज दिलं."

मी कपाळाला हात लावला. ज्योतीताईंनी मात्र सुरी आणली. शेडमध्ये खाली बसून आम्ही चौघांनी ते टरबूज खाल्लं. काकूंच्या केसांत धूळ, नऊवारीला धूळ, आणि इतकी वर्षं ओळखतो त्या बाईंना, तशा हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. गुरुजी रस्त्यातल्या एकेका खड्ड्याची हकिकत सांगत होते आणि काकू ती दुरुस्त करत होत्या.

ज्योतीताईंनी हात धुतले आणि सरळ विषय काढला. साच्याला जुना बंपर नाही, म्हणजे गाडीवरच मापं घेऊन सगळं नव्याने घडवावं लागेल. साधा बंपर करायला वेळ लागेल, मिस्तरींची चोच करायला आणखी वेळ लागेल, पण दोन्ही होईल. काय करायचं ते आत्ता सांगा, कारण शाळा उघडायच्या आत मला हत्ती द्यायचे आहेत.

गुरुजी माझ्याकडे वळले. "मिस्तरी, उन्हाळाभर मीच बोलून राहिलो. आता तुम्ही सांगा. लावू की नको?"

माझ्या खिशात आकृतीची कागदावर काढलेली नक्कल होती. ती बाहेर काढायला मी हात खिशात घातलाही होता. पण समोर ती धुळीने माखलेली गाडी होती, आणि आज ती कुठून कुठून फिरून आली ते मी नुकतंच ऐकलं होतं.

मी म्हटलं, "किट लावलं की गाडी आणखी खाली येईल. अमरावतीच्या चांगल्या रस्त्यावर चालेल. हॉटेलवाल्याच्या दारात झकास दिसेल. आज आलात त्या रस्त्याने मात्र पुन्हा जाता येणार नाही."

"म्हणजे किट लावलं तर पाहायची, नाही लावलं तर चालवायची."

"हो."

गुरुजी गाडीच्या उघड्या तोंडाकडे पाहू लागले. त्यांना चोच खरोखर आवडली होती. काकूंनी टरबुजाच्या बिया पदरातून झटकल्या.

"पाहाले देव हायेत की घरी," त्या म्हणाल्या.

झालं. उन्हाळाभर जे शास्त्राने आणि आरटीओने सुटलं नाही ते तिथे सुटलं. माझा कागद खिशातच राहिला.

ज्योतीताईंनी साधा बंपर केला, आणि इतका नीट केला की तो कोणाच्या नजरेत भरला नाही. मी रंग जुळवला. आणि मग मला ते काम करावं लागलं ज्यावरून धंद्यातले लोक अजून मला चिडवतात. गाडी दर्यापूरच्या रस्त्याला चालली पाहिजे म्हणून नियमात बसेल तेवढ्या जाड चकत्या स्प्रिंगांवर टाकून मी ती चारी बाजूंनी वर उचलली. जगात लोक स्पोर्ट्स कार खाली घेतात. मी वर घेणारा पहिलाच असेन. एका गॅरेजवाल्याने विचारलं, मिस्तरी, आता मागं ट्रॉली जोडणार का? मी त्याच्या हातात पाना दिला.

हॉटेलवाले आणि नव्या गाड्या घेणारे पुढे हळूहळू पांगले. उंच झालेल्या गाडीत त्यांना तो रुबाब दिसेना. जुन्या घरांपैकी काही परतली, काही नाहीच परतली. गुरुजींनी त्याचा फार विचार केला नाही, निदान मला तसं दाखवलं नाही.

गाडी न्यायच्या दिवशी गुरुजींनी आप्पासाहेबांना निरोप धाडला होता. दिलेल्या वस्तूत बदल केला तर देणाऱ्याला सांगितलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. आप्पासाहेब आपल्या मोठ्या गाडीतून, ड्रायव्हर घेऊन आले. थकलेला, कमी बोलणारा माणूस. त्यांनी पिवळ्या गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, काही बदललेलं तर दिसत नाही. मग जरा थांबून, गुरुजी, एक फेरी मारून आणता का, असं विचारलं. दार उघडून ते शेजारच्या सीटवर बसले. सहज बसले.

काकू दुकानात थांबल्या. फेरी बडनेऱ्याच्या अलीकडून परत येईल असं वाटलं होतं, ती बरीच लांबली. माझ्या जावयाने आणलेला चहा त्यांनी बशीत ओतून गार होऊ दिला.

परत आल्यावर आप्पासाहेब स्वतःच दार उघडून उतरले आणि छपरावर हात ठेवून उभे राहिले.

"मी यात कधी बसलोच नव्हतो," ते म्हणाले. "पोरगा म्हणायचा, बाबा, गाडी खाली आहे, तुमच्या कमरेले नाही जमणार. मले खरं वाटलं. आज तर आरामात बसलो." ते गाडीकडेच पाहत होते. "त्याले मले न्यायचंच नव्हतं मंग."

गुरुजींनी धोतराचा सोगा चाचपायला घेतला. मी जावयाकडे पाहिलं. काकूंनी बशी खाली ठेवली.

"आप्पासाहेब, पोरगा खरं बोलला तुमचा. गाडी लय खाली होती. आमच्या यायले मिस्तरींनी हात धरून बाहेर काढलं होतं. मिस्तरींनी आताच वर उचलून दिली ते. इचारा त्यायले."

आप्पासाहेब माझ्याकडे वळले. "किती उचलली?"

मी अंगठा आणि बोट ताणून अंतर दाखवलं. ते माझ्या त्या दोन बोटांकडे पाहत राहिले. मी हात खाली घेतला नाही.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो, आप्पासाहेब," मी म्हटलं. माझ्या धंद्यातलं हे साधं सत्य आहे.

त्यांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला, तो पुन्हा लावला, आणि आपल्या ड्रायव्हरला गाडी वळवायला सांगितलं. निघता निघता ते काकूंजवळ थांबले. वहिनी, मी अधूनमधून येत जाऊ का फेरीला, असं त्यांनी विचारलं. माणूस मोठा, गाडीही एकेकाळी त्यांच्याच घरची, पण विचारलं अगदी परक्यासारखं.

काकूंनी गुरुजींकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, मनाशी काहीतरी हिशेब केला.

"या," त्या म्हणाल्या. "गुरुवार तुमचा. बाकीचे दिवस माहे."

गुरुजींना कोणी काही विचारलं नाही. चालवणार तेच, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.